दोन नावांचा कागद

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून तो कमी व्हायचा, तर उलट वाढलाच. त्यामुळे ज्या माणसावर मी अलीकडे सगळ्यात जास्त डाफरले, त्याचेच आभार मानायला आज लिहायला बसले आहे, याचं कोणाला हसू आलं तर त्याने खुशाल हसावं. तो माणूस म्हणजे मालवणच्या बाजारात, एका कापडदुकानाच्या माडीवर बसणारा नोटरी. माझ्या वडिलांच्या एका कागदावर सही-शिक्का द्यायला त्याने आम्हाला दोन खेपा घालायला लावल्या, आणि दोन्ही खेपांना मला बाहेर काढलं.

बाबा रापणीवरचे. होडी समुद्रात वळसा घालून जाळं सोडत येते, जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडून वीस-वीस माणसं मिळून ते ओढतात, ती रापण. तोंडवलीच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिथल्या किनाऱ्यावर बाबांनी पन्नासएक वर्षं तो दोर ओढला. तळहात असे झाले होते की चुलीतला निखारा उचलून विडी पेटवत. विडीही पन्नासच वर्षं ओढली, आणि शेवटी तिनेच छाती खाल्ली. आई गेल्यावर घरात ते आणि मी. मी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ मुंबईला नोकरीत, बायको-मुलं तिकडेच.

चार वर्षांमागे बाबांचा दम पहिल्यांदा एवढा वाढला की त्यांना मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. घशात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी एक सिस्टर कागद घेऊन आली. पेशंट नळी उपटायला बघतात, हात बांधावे लागतील, इथे सही करा. भाऊ अजून वाटेत होता. मी सही केली. कागद धड वाचलासुद्धा नाही. पोरांना दोनदा वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका म्हणून छड्या मारणारी मी.

भेटीची वेळ नव्हती, तरी आत गेले, तेव्हा त्यांची दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेली होती. नळीमुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोटं हलवली. मी म्हटलं, बाबा, बरं वाटण्यासाठीच आहे. सहा दिवस ते तसे होते. मग नळी निघाली, बाबा घरी आले, पेज-भात खाऊ लागले. सगळी वाडी म्हणाली, पोरीने बापाला ओढून आणलं. मला मात्र त्यांच्या मनगटावरचे वळ बघवत नसत. वळ गेले तरी बघवत नसत.

दोन महिन्यांनी, दुपारच्या वेळी घरापुढच्या खळ्यात बसलेले असताना ते आपणहून बोलले. "बाय, माका परत थंयसर हॉस्पिटलात न्हेलंस तर चलात. औषधा देंदे, सुया मारूंदे. पण ती नळी नको. हात बांदून घेवन मी मरूचंय नाय."

मी म्हटलं, बरं. आणि त्याच आठवड्यात कामाला लागले, कारण मला वाटलं की याचा उपाय माझ्या ट्रंकेतच आहे.

आमच्याकडे घरटी एक तरी कुलमुखत्यारपत्र असतं. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली सोळा मुंबईत. मग गावात जो राहतो त्याला सगळे मिळून लिहून देतात की बाबा रे, तलाठ्याकडे तू जा, मोजणीला तू उभा राहा, काजूची बाग कोणाला खंडाने द्यायची ते तू ठरव. आमच्या घरात ती मी. बाबांनीही मला लिहून दिलेलं होतं. त्या कागदाच्या जोरावर मी तालुक्याच्या प्रत्येक कचेरीत सह्या ठोकत आले होते आणि कुठे कोणी हरकत घेतली नव्हती. तेव्हा माझं गणित सोपं होतं. त्याच कागदात एक ओळ वाढवायची, की दवाखान्यातले निर्णयही हीच घेईल.

बाबांना रिक्षात घालून मालवणला नेलं. माडीचा जिना बारा पायऱ्यांचा. बाबा दोनदा थांबले. नोटरी साठीच्या पुढचा, किडकिडीत, बोलताना समोरच्याकडे न बघता कागदाकडे बघणारा. त्याने मुखत्यारपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, हा कागद जमिनीचा आहे. यात तुमच्या वडिलांचा देह येत नाही."

"म्हणूनच ओळ वाढवायला आलेय."

"वाढवून उपयोग नाही. असा कागद देणाऱ्याची शुद्ध गेली की त्याचा जोर संपतो. म्हणजे तुम्हाला ज्या दिवशी तो लागणार, नेमका त्याच दिवशी तो चालणार नाही."

मला वाटलं, आपल्या पायाखालची फळी काढली. गावागावांत ट्रंकांत जपून ठेवलेले ते सगळे कागद डोळ्यांसमोर आले. आपल्याकडे मुखत्यारपत्र आहे म्हणून निर्धास्त असलेली सगळी माणसंही आली.

मग त्याने दुसऱ्या कागदाबद्दल सांगितलं. लिव्हिंग विल हा शब्द मी पेपरात वाचला होता, पण तो मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांसाठी असतो अशी माझी समजूत. नोटरी म्हणाला, सुप्रीम कोर्टाने तो सगळ्यांसाठी केलाय आणि आता पूर्वीपेक्षा सोपाही केलाय. माणसाने शुद्धीत असताना स्वतः सांगायचं की मला कोणते उपचार नकोत. आपल्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं द्यायची. दोन त्रयस्थ साक्षीदार, आणि नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं. आणि तो कागद लागू होतो तो फक्त माणसाला स्वतःला बोलता येईनासं झालं आणि डॉक्टरांनी यातून परत फिरणं नाही असं सांगितलं तरच. तेही एका डॉक्टरच्या शब्दावर नाही, हॉस्पिटलचं एक मंडळ बघणार, मग दुसरं मंडळ बघणार.

"एवढी भानगड?" मी म्हटलं.

"ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी कोणीतरी भानगड करायला नको का?" तो म्हणाला. "आता तुम्ही बाहेर बसा."

"मी त्यांची मुलगी आहे."

"हो, म्हणूनच."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. खाली कापड बघणाऱ्या बायकांनी माना वर केल्या एवढं आठवतं. शेवटी बाबाच म्हणाले, "तू जा गो भायर, आमका बोलांदे." तेव्हा मी जिन्यावर जाऊन बसले. आतून शब्द कळत नव्हते, पण एक कळलं की नोटरीने मराठी सोडून मालवणी धरली होती. मधेच बाबांचा खोकला, मधेच बाबांचं हसणं. मी इतक्या दिवसांत त्यांना हसवू शकले नव्हते, आणि हा खडूस माणूस पाऊण तासात हसवत होता, याचाही मला रागच आला.

बाहेर येऊन तो म्हणाला, "डॉक्टरांची चिठ्ठी आणा, हे शुद्धीत आहेत म्हणून. साक्षीदार असे आणा ज्यांना यांच्या जमिनीतलं काही मिळणार नाही. आणि आठ दिवसांनी या. तेव्हाही यांचं म्हणणं हेच असलं तर सही."

"हे कायद्यात आहे?"

"आठ दिवस कायद्यात नाहीत. माझ्या पद्धतीत आहेत."

मी सांगितलं की आठ दिवसांनी हा माणूस तुमचा जिना चढता चढताच जाईल, मग त्या कागदावर शिक्का मारत बसा. त्याने शांतपणे मान डोलावली. आठ दिवसांनी आमची रिक्षा बाजारात उभी राहिली तेव्हा तो वही आणि शिक्का घेऊन स्वतः खाली आला आणि बाबांच्या शेजारी रिक्षात बसला. रिक्षावाल्याला उतरवलं, मला उतरवलं. साक्षीदार दोन, बाबांबरोबर रापण ओढलेला त्यांचा जुना सोबती आणि आचऱ्याचे एक निवृत्त पोस्टमन. ते रिक्षाच्या दोन्ही बाजूंना वाकून उभे राहिले. मी समोरच्या भांड्यांच्या दुकानात नको असलेल्या कढया बघत राहिले.

कागद हातात आला तेव्हा दुसरा धक्का. बोलणाऱ्यांची नावं दोन होती, माझं आणि भावाचं. आणि खाली स्पष्ट लिहिलेलं, की दोघांचं एकमत झालं तरच.

रिक्षा कोळंबच्या पुलावर आली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, तो तिकडे बसून काय ठरवणार? तो घाबरट आहे, सगळं करा म्हणेल. सगळं मी करते आणि नाव त्याचं?

बाबा बाहेर खाडीकडे बघत म्हणाले, "रापण एकाच बाजून ओढून कधी किनाऱ्याक लागता काय? तू रागान बोलतलंस, तो भियान बोलतलो. दोघा एका जाग्यार येशात, तेवाच ता खरा."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. पण कागदाच्या प्रती सगळीकडे पोचवल्या. एक आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना. एक ग्रामपंचायतीत. तिथल्या ग्रामसेवकाने असा कागद कधी पाहिला नव्हता, तसं त्याने सरळ सांगितलं, तालुक्याला दोन फोन केले आणि संध्याकाळपर्यंत पोच घरी आणून दिली. बिचारा वर म्हणाला, "माझ्या वडलांचा पण करूक होया." एक प्रत भावाला पोस्टाने गेली. त्याचा फोन आला, असलं अभद्र घरात कशाला पाठवतेस म्हणून. तो कागद त्याने उघडूनही वाचला नाही, हे मला त्याच्या आवाजावरूनच कळलं.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर बाबांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ते हाकेला ओ देईनासे झाले होते. छातीची डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींएवढी. तिने तोंडावर मास्क लावला, सलाइन चालू केलं, आणि नळीचं नाव काढल्याबरोबर मी कागद पुढे केला. मला वाटलं होतं ती बाजूला ठेवेल. तिने खुर्ची ओढली आणि सगळी पानं वाचली.

"यांना नळी नकोय हे कळलं," ती म्हणाली. "पण याचा अर्थ आम्ही उपचार थांबवतो असा नाही. औषधं, मास्क सगळं चालू राहील. यातून ते फिरतील का, हे आमचं मंडळ बघेल. आणि इथे दोन नावं आहेत. तुमचे भाऊ कुठे आहेत?"

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी बसने उतरला तो थेट हॉस्पिटलात. बाबांना बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर येऊन त्याने डॉक्टरला सांगितलं, "नळी घाला. काय लागेल ते करा."

मी कागदाचं बोलले. तो माझ्यावर उलटला. "ताई, ह्या तूच करून घेतलंस तेंच्याकडसून. जमिनीचे कागद तुझ्याकडे, आता ह्या पण तुझ्याकडे. तू सांगलंस आणि तेंनी सही केल्यानी."

एरवी मी त्याला तिथेच उभा आडवा घेतला असता. पण बाहेरच्या माणसाला हे असंच दिसणार, हे मला एका क्षणात कळलं. म्हातारा बाप, घरात एकटी मुलगी, तिच्याच हातात सगळे कागद.

त्याला उत्तर त्या डॉक्टर मुलीने दिलं. तिने कागदाचं शेवटचं पान त्याच्यासमोर धरलं. नोटरीने आपल्या हाताने तिथे लिहिलं होतं, की मुलीला दोन्ही वेळा बाहेर ठेवून, आठ दिवसांच्या अंतराने, त्यांच्याच बोलीत विचारलं, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. त्याखाली बाबांचे शब्द, बोलले तसेच. भावाने ते हळू आवाजात वाचले.

"माका परत ती गळ्यातली नळी नको. पयल्या वेळेक माझे हात खाटेक बांदून घातल्यानी. मी काय चोरी केलेली? माका जगवूचा आसात तर हात मोकळे ठेवन जगवा. नसात तर घराक न्हेवा."

त्याने पानावरून मान वर केली. "हात बांदलेले? कोणी?"

त्या वेळी तो पोचला तेव्हा भेटीची वेळ होती आणि भेटीच्या वेळी पट्ट्या सोडत. त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं, आणि मी तीन वर्षं सांगितलं नव्हतं. ना त्याला, ना कोणाला.

"कागदार सही माझी होती," मी म्हटलं. "मी वाचूक पण नाय. सही केलंय."

त्याने खिशातून फोन काढला आणि साक्षीदाराला, बाबांच्या त्या रापणीवरच्या सोबत्याला लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. त्याला खात्री करून घ्यायची होती, आणि मी त्याला दोष देत नाही.

"कागदाची गोष्ट मा? होय, मी थंयसरच होतंय," पलीकडून म्हातारा बोलला. "तुझो बापूस काय म्हणालो सांगू? म्हणालो, पयल्या वेळेक चेडवान एकटीन सही केल्यान. तेवापासून ती माझ्या हातांकडे बगणा नाय. परत ह्या सगळा तिच्या एकटीच्या डोक्यार नको. झिलाचा पण नाव घाला."

हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसमोर, मी मोठ्याने रडले. बाबांना माहीत होतं. माझी सही त्यांना माहीत होती, आणि मी कुठे बघत नाही हेही माहीत होतं, आणि त्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. दोन नावं म्हणजे माझ्यावरचा अविश्वास, असं समजून मी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "माका भिया वाटला, ताई. नळी नको म्हटलंय तर मुंबयच्या झिलान बापाशीक मारल्यान, असा जाताला." मी म्हटलं, मलाही भीतीच वाटली होती तेव्हा. म्हणूनच न वाचता सही केली.

घाई कोणीच केली नाही. पहिल्या मंडळाने बाबांना तपासलं, आम्हा दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. मग दुसरं मंडळ आलं, त्यात बाहेरचे, जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेले डॉक्टर होते. दोन्ही मंडळांचं म्हणणं एकच पडलं, की फुप्फुसं आता परत उभी राहणार नाहीत. कोर्टाला कळवायचं पत्र हॉस्पिटलने पाठवलं. आम्ही दोघांनी एकाखाली एक सह्या केल्या. या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. इतके दिवस या पायऱ्यांना मी भानगड म्हणत होते. त्या तीन दिवसांत प्रत्येक पायरीवर कोणीतरी थांबून विचारत होतं, की या माणसाला काय हवं होतं? मला प्रत्येकाच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे एकदा मी शहाळी घेऊन त्या माडीवर गेले. नोटरीने शहाळी बघून विचारलं, "कसलं काम आहे?" मी म्हटलं, काम नाही, आभार आहेत, आणि तेव्हा काय काय बोलले त्याची माफी. त्याने एक शहाळं घेतलं, बाकीची खाली दुकानात द्यायला सांगितली. आणि मग प्रथमच माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही जिन्यावरून उठून आत घुसला नाहीत, ते बरं केलंत."

त्याआधी, सह्या झाल्यावर, बाबांना आम्ही घरी आणलं. ॲम्ब्युलन्स वाळूत येईना म्हणून शेवटचा तुकडा वाडीतल्या माणसांनी खाट उचलली. डॉक्टरने दम लागू नये म्हणून औषध दिलं होतं, नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी होती. ती चालेल असं त्यांच्याच कागदात होतं. ओटीवर, दाराशी, जिथे वारा लागतो तिथे खाट ठेवली. ते बोलत नव्हते, पण चेहरा आवळलेला नव्हता. मी एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळून गेल्यावर त्यांचा उजवा हात हलला. सावकाश वर आला, नाकाशी गेला, ती नळी चाचपली आणि बाजूला सारली. सवयीने माझा हात पुढे झाला, नळी परत लावायला.

भाऊ म्हणाला, "ताई, रवांदे. तेंनी आपणच काढल्यानी."

मी नळी सोडली आणि त्यांचा हात धरला. मनगट, बोटं, दोराने कातडं जाड झालेला तो तळवा, सगळं मी तीन वर्षांनी पहिल्यांदा नीट बघितलं. संध्याकाळी ते गेले, तोपर्यंत तो हात माझ्या हातात होता.